आधी राणीसाहेबांचा हात

बिबिजान मणेरला बायकांची तोंडं लक्षात राहत नाहीत, हात राहतात. जुन्नरच्या पेठेतल्या तिच्या दुकानात एखादी बाई दहा वर्षांनी उगवली, तर बिबिजान आधी तिचा हात हातात घेते, अंगठ्याखालचं हाड दाबून बघते आणि मग म्हणते, "अगं, तू तर ओतूरची. सव्वादोनच्या मापाची व्हतीस, अडीचला गेलीस की." बाई लाजते. सोबतच्या बायका हसतात. बिबिजानही हसते, पण तोवर तिने हाताला बसतील अशा अर्धा डझन बांगड्या माळेतून काढलेल्याही असतात.

दुकान म्हणजे एक घोंगडी पसरेल एवढी जागा. आता ते तिची सून यास्मिन सांभाळते, आणि तिच्यापेक्षा जास्त तिचा मोबाईल सांभाळतो. गल्ल्यावर महंमद हनीफ बसतात. हे बिबिजानचे नवरे. गुडघे गेले तसे ते गल्ल्यावर आले. नाहीतर ऐन उमेदीत सायकलला बांगड्यांचा पेटारा बांधून या माणसाने जुन्नर आणि आंबेगाव असे दोन तालुके पालथे घातले होते. पुढे पेटारा, मागे बायको. शिवरात्रीला भीमाशंकरला बसायचं, एरवी गावोगावचे बाजार करायचे आणि लग्नसराईत नवरीचा चुडा भरायला घरोघर जायचं. लग्नघरात बिबिजान शिरली की म्हाताऱ्या पाट टाकायच्या. परक्या बाईचा हात तासभर हातात धरून बसायचा मान एका बांगडीवालीलाच असतो, आणि बिबिजान तो मान ओळखून होती.

बांगडी भरणं हे ताकदीचं काम नाही, हे तिने सासूकडून शिकून घेतलं. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं एकावर एक आणायची आणि बांगडी मुठीच्या अवघड जागेवर आली की बाईला एक प्रश्न विचारायचा. "माहेर कुठलं गं?" बाई उत्तर द्यायला लागते, हात सैल सोडते आणि बांगडी मनगटात जाऊन पडते. पंचेचाळीस वर्षं बिबिजानने हा एकच प्रश्न विचारला, आणि दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या बायकांची माहेरं तिला तोंडपाठ झाली.

बांगड्या भरून झाल्या की बाई भरल्या हातांनी बिबिजानला वाकून नमस्कार करते. ही रीतच आहे. मग बिबिजान तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "जन्मसावित्री व्हा." म्हणजे नवऱ्याच्या आधी जा, कुंकवानिशी जा. आशीर्वाद हिंदूंचा, देणारी मुसलमान, आणि यात काही वेगळं आहे असं घेणारीला कधी वाटलं नाही की देणारीला. तिला दुसरा आशीर्वाद येतच नव्हता, आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती. ज्यांना तो चालला नसता, त्या बायका बांगड्या भरायला येतच नसत.

इंद्रायणी आली ती मुलीला घेऊन. डिंगोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावची ही सून. गावाचं नाव सांगत नाही, गावाला उगाच ताप नको. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला अडीच वर्षं झाली होती. तिचा लग्नाचा चुडा बिबिजाननेच भरला होता. मुलगी वृषाली पाच वर्षांची. जत्रेसाठी तिला लाल बांगड्या हव्या होत्या. त्या भरून झाल्या, तशी पोरगी हात वाजवत म्हणाली, आता आईच्या. यास्मिनने मोबाईलमध्ये डोकं घातलं. हनीफचाचा गल्ल्यात काहीतरी शोधू लागले. इंद्रायणीने पोरीला जवळ ओढलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "भाकरी थापताना हात मुका वाटतोय, मावशी. बाकी काय न्हाई."

हे बिबिजानच्या काळजात रुतलं. बाईला दागिना हवा असता, साडी हवी असती, तर तिने समजूत घातली असती. पण भाकरीच्या थापेबरोबर मनगटात व्हायचा तो एवढासा आवाज. तोसुद्धा नवऱ्याबरोबर जळून जावा, हे काही तिला पटेना. तिने तिथल्या तिथे दोन हिरव्या बांगड्या काढल्या. इंद्रायणीने हात मागे घेतला. म्हणाली, सासूला विचारल्याबिगर नको. आणि गेली.

त्याच पंधरवड्यात त्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि ज्या विधवा आहेत त्यांना पुन्हा मान द्यायचा. सरपंच आदेश हा तिशीतला उत्साही गडी. नुसता ठराव करून त्याचं भागेना. त्याने समारंभ ठरवला. पाच विधवांना गावासमोर बांगड्या भरायच्या, ओटी भरायची आणि भाषणाला बोलवायचं ते थेट हरणगडच्या राणीसाहेबांना.

आता संस्थानं जाऊन पाऊणशे वर्षं झाली. पण राज्य गेलं तरी आपल्या कमरेची सवय गेलेली नाही. राजघराण्यातलं कुणी येणार म्हटलं की जो माणूस तलाठ्यासमोर ताठ उभा राहतो, तोही नकळत वाकतो. हरणगडच्या राणीसाहेब काही वर्षांपूर्वी विधवा झाल्या होत्या आणि गेली दोन वर्षं ठिकठिकाणी याच विषयावर बोलत होत्या. बोलत चांगल्या. त्यांची भाषणं यास्मिनच्या मोबाईलवर येत, आणि बांगड्या भरायला बिबिजानला बोलावणं आलं त्या दिवसापासून घरात त्यावरून रोज जुंपू लागली.

यास्मिनचं म्हणणं सरळ होतं. बोलतात ना, मग त्यांना विचारलं पाहिजे. त्यांच्या वाड्यात काय चालतं? त्यांचे स्वतःचे हात का दिसत नाहीत? प्रत्येक व्हिडिओत मनगटापर्यंत बाह्या. हनीफचाचांना हे पटत नव्हतं. मोठं माणूस चांगलं बोलतंय तर बोलू द्यावं, नखं लावून खरवडू नये. ते म्हणत, "राजा बोले दळ हाले, काजी बोले दाढी हाले. आपण काजी. आपली दाढी किती बी हालली तरी गाव हालत न्हाई. ती बाई बोलली तर हालंल." यास्मिन म्हणे, दळ हलवायचंय म्हणूनच तर आधी राजाला तपासायचं, दळ कुठल्या कड्यावरून खाली जाईल सांगता येतं का? बिबिजान दोघांचं ऐके. तिला दोघांचंही पटे, आणि त्याने तिची झोप उडे. तिच्या डोळ्यांपुढे राणीसाहेब नव्हत्याच. मागे घेतलेला तो एक हात होता.

समारंभाच्या आठवडाभर आधी ती इंद्रायणीच्या घरी जाऊन आली. सासू ठकूबाई. हीसुद्धा विधवाच, तिशीत झालेली. दोन पोरं मागे, सात एकर माळरान, आणि त्या माळावर अख्खा जन्म घालवून तिने कांदा उभा केलेला. बाई कडक, पण वाईट नव्हे. तिने चहा केला, चहात आलं घातलं आणि मुद्द्याचं बोलली. आदेशने पाच नावांत इंद्रायणीचं नाव घातलं होतं, आणि तिने ते काढायला लावलं नव्हतं. पण तिची एक अट होती.

"थोरामोठ्यांनी केलं की त्याची रीत व्हते, बिबी. आपल्या सुनंनं केलं की त्याची चर्चा व्हते. तिला अजून तीस-चाळीस वर्सं ह्याच गावात काढायच्यात. राणीसाहेबांच्या हातात मी माझ्या डोळ्यानं बांगडी बघितली, तर इंदीनं खुशाल घालावी. मी आडवी येणार न्हाई. न्हाईतर न्हाई."

इंद्रायणी चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा भाकरी थापायचा हात थांबलेला बिबिजानने पाहिला.

समारंभाच्या दिवशी सकाळीच शाळेच्या पटांगणात मांडव पडला. बायका आल्या, पोरं आली, आणि ठरावाला विरोध करणारे म्हातारेही आले. ते मागे तंबाखू मळत बसले. राणीसाहेब वेळेवर आल्या. पन्नाशी ओलांडलेली, शेलाटी बाई. फिकट पिवळी साडी, मनगटापर्यंत बाह्या, डाव्या हातात घड्याळ. पुढच्या रांगेतल्या बायका मुजऱ्याला वाकल्या. बिबिजानही वाकली. उगाच खोटं कशाला सांगा.

भाषण सुंदर झालं. घोकलेलं नव्हतं. राणीसाहेब म्हणाल्या, नवरा गेला की बाईचं घर अर्धं रिकामं होतं, ते तिला भरता येत नाही. मग जे भरता येतं ते आपण का रिकामं करतो? "नवरा मेला, बाईचा हात का मरावा?" त्यांनी विचारलं, आणि मांडवात टाळ्या पडल्या. तंबाखू मळणाऱ्यांपैकी एकाने टोपी सरळ केली. बिबिजानच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने डोळे पुसले आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या ठकूबाईकडे पाहिलं. ठकूबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती राणीसाहेबांच्या बाहीकडे बघत होती.

मग बिबिजानला व्यासपीठावर बोलावलं. पाच खुर्च्यांवर पाच बायका. पहिली इंद्रायणी. शेजारी ओटीचं ताट घेऊन राणीसाहेब उभ्या, समोर फोटोवाला. बिबिजान खाली बसली, पेटारा उघडला, इंद्रायणीचा हात हातात घेतला. हात गार होता. तिने अंगठा दुमडला, पहिली बांगडी बोटांवर आणली, तोच समोर ठकूबाई उठून उभी राहिली.  फक्त डावीकडून उजवीकडे मान हलवली.

इंद्रायणीची मूठ मिटली.

मिटल्या मुठीवर बांगडी चढवता येत नाही. जोर केला तर काच हातात जाते. फोटोवाला म्हणाला, मावशी, जरा घाई करा. राणीसाहेब हसतमुखाने उभ्याच होत्या. काय बिनसलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बिबिजानला एकाच वेळी दोन गोष्टी आठवल्या: हनीफचाचांचं खरवडू नये, आणि भाकरीवर थांबलेला हात. पंचेचाळीस वर्षांत ती कुणाशी वाकडं बोलली नव्हती. बांगडीवालीला ते परवडत नाही. या गावची दारं मिटली तर आसपासच्या चार गावांची मिटणार होती.  तरी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, बांगडी घेऊन राणीसाहेबांसमोर गेली आणि म्हणाली, "राणीसाहेब, आधी तुमचा हात द्या."

आदेश धावत आला. मावशी, हे कार्यक्रमात नाही, असं तिच्या कानाशी पुटपुटला.

"कार्यक्रमात नसंल, बाबा," बिबिजान म्हणाली. "बोलण्यात व्हतं."

 राणीसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग उतरला. त्यांनी एकदा आपल्या सोबतच्या माणसाकडे पाहिलं. तो पुढे यायला लागला. तेव्हा बिबिजान भडाभडा बोलली. म्हणाली, मी तुमची परीक्षा घेत नाही, माझी तेवढी ऐपत नाही. ही पोर आणि समोर उभी आहे ती तिची सासू. "ती म्हणती, राणीसाहेबांनी घातली तर माझी सून घालंल. तुमच्या हाताला ह्या पोरीचा हात बांधलाय. तुमाला ते कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगती."

राणीसाहेबांनी ठकूबाईकडे पाहिलं. मग इंद्रायणीच्या मिटल्या मुठीकडे.  त्यांनी ओटीचं ताट आदेशच्या हातात दिलं, सोबतच्या माणसाला हातानेच थांबवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. घड्याळ काढलं. बाहीचं बटण सोडलं आणि बाही वर सारली.

मनगटाच्या आतल्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा होत्या. जुन्या, बोटाच्या पेराएवढ्या. मांडवातल्या कुणाला त्या दिसल्या नाहीत, आणि दिसल्या असत्या तरी कळल्या नसत्या. बिबिजानला कळल्या. असे व्रण तिने खेड्यापाड्यांत शेकड्याने पाहिले होते. नवऱ्याचं प्रेत दारात असताना चार बायका दोन्ही हात धरतात आणि उंबऱ्यावर आपटतात, तेव्हा काच आत जाते. त्या दिवशी तिकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणजे वाड्यातही तसंच झालं होतं. तिथला उंबरा संगमरवरी असेल, एवढाच फरक. बिबिजानला भडभडून आलं. तिने झटकन आपला पदर पुढे ओढला आणि त्या मनगटावर आडोसा धरला. फोटोवाल्याला तिने बाजूला व्हायला सांगितलं, ते असं सांगितलं की तो पार मंडपाबाहेर गेला.

तिने अंगठा दुमडला. हात आखडलेला होता, काचेची सवय मोडलेला. बांगडी मुठीशी येऊन अडली.

"माहेर कुठलं, राणीसाहेब?"

राणीसाहेबांनी चमकून पाहिलं. बहुधा हा प्रश्न त्यांना फार वर्षांत कुणी विचारला नसावा. "कोकणातलं," त्या म्हणाल्या. "खाडीवर घर होतं. माझा भाऊ होडी..." आणि बांगडी मनगटात जाऊन पडली.

दुसरी भरताना त्या अगदी हळू बोलल्या, फक्त बिबिजानला ऐकू जाईल एवढं. "दोन वर्षं बोलतेय मी. लोक टाळ्या वाजवतात, हार घालतात. तुमच्या हातात का नाहीत, असं एकानेही विचारलं नाही. कुणी विचारेल म्हणून भीत होते, की विचारावं म्हणून वाट बघत होते, माझं मलाच कळत नाही."

 बिबिजानला एवढंच कळलं की राजघराण्यातलं माणूस म्हणून सगळ्यांनी या बाईला मान दिला आणि त्या मानाखाली तिला एकटीला टाकून दिलं. तिने दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या भरल्या. राणीसाहेबांनी हात हलवून बघितला. आवाज झाला. मग त्यांनी रीत पाळली. खुर्चीवरून उठल्या आणि बांगडीवालीपुढे वाकल्या. मांडवात कुजबुज उठली. बिबिजान इतकी गोंधळली, की पंचेचाळीस वर्षांची जीभ आपोआप चालली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "जन्मसावित्री व्हा."

आदेशने ताट खाली ठेवून माईक नेमका तिथेच धरला होता. आशीर्वाद साऱ्या पटांगणात ऐकू गेला. नवऱ्याआधी जा, असा आशीर्वाद, नवरा गेलेल्या बाईला. इंद्रायणीने तोंडावर हात घेतला. बिबिजानला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने माफीसाठी हात जोडले.

राणीसाहेब वाकलेल्याच होत्या. तशाच म्हणाल्या, "तो आता मला चालायचा नाही, मावशी. दुसरा द्या."

बिबिजानकडे दुसरा नव्हता. तिने मनात सगळीकडे हात घालून पाहिला. सासूने दिलेलं, आईने दिलेलं, गावोगाव ऐकलेलं. सगळ्या आशीर्वादांत कुणी ना कुणी नवरा बसलेला होता. शेवटी तिने त्या भरल्या हातांकडेच पाहिलं आणि जे दिसलं ते बोलली. "जवर हात हाये, तवर बांगडी असू दे."

मग ती वळली. इंद्रायणीची मूठ उघडी होती. बिबिजान तिच्यापुढे बसली आणि तिने पहिली बांगडी बोटांवर आणली, एवढ्यात पायऱ्यांवर कुणाची तरी पावलं वाजली. ठकूबाई वर येत होती. आदेश आडवा गेला, तर तिने त्याला एका हाताने बाजूला केलं. इंद्रायणीचा हात पुन्हा गार पडला. बिबिजानला वाटलं, एवढं करून हातातोंडाशी आलेलं गेलं.

ठकूबाई सुनेच्या शेजारी येऊन खाली बसली. तिने सुनेचं कोपर आपल्या मांडीवर घेतलं, लग्नात करवली घेते तसं. बिबिजानने बोटांवर आणलेली बांगडी तिने निरखून पाहिली, काढली आणि पेटाऱ्यात परत टाकली.

"ही सैल हाये, बिबी," ती म्हणाली.  "एक माप बारीक घे. घट्ट बसव. कुणालाबी काढता येता कामा न्हाई. मलासुदिक."